हापूसची चव कुणाला कळते?

जामसंड्याचा हापूस जिभेवर ठेवला की मेंदूत काय घडते, हे शास्त्र बऱ्यापैकी सांगते. पण ती चव मुळात का ‘जाणवते’? तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५मध्ये या प्रश्नाला ‘हार्ड प्रॉब्लेम’ म्हटले. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड बार्स यांच्या मते मेंदूभर प्रसारित झालेली माहिती म्हणजे जाणीव. मला हे अपुरे वाटते. प्रसारण ऐकणारा कोण, ते यात कुठे आहे?

आपल्या सिंधुदुर्गातल्या कांदळगावात वाढलेले, मुंबईत विड्यांचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) याच प्रश्नाकडे दुसऱ्याच टोकाने येतात. त्यांच्या मते ‘मी आहे’ ही जाणीव अन्नावर पोसलेल्या देहाच्या आधाराने टिकते, म्हणून तात्पुरती. तिला जाणणारे तत्त्व तिच्याही आधीचे. प्रयोगशाळेत हे तपासता येत नाही, ही मोठीच अडचण. तरी प्रश्नाचे मर्म त्यांनी बार्स यांच्यापेक्षा नेमके पकडले, असे माझे मत आहे.