चुकीच्या उत्तराचीही रीत असते

तिसरीतल्या एखाद्या मुलाची वही समोर घ्या. वजाबाकीची चार उदाहरणं आहेत. ५२ – २७ = ३५. ८१ – ४६ = ४५. ६४ – ३८ = ३४. ७५ – ३२ = ४३. पहिल्या तिन्हींवर लाल फुली, चौथ्यावर बरोबरची खूण आणि खाली शेरा : ‘लक्ष देऊन सोडव.’

यातला चुकीचा आहे तो शेरा. मुलाने लक्ष दिलेलं आहे, तेही चारही वेळा सारखंच. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने ७ मधून २ काढले. १ आणि ६ आले तेव्हा ६ मधून १ काढला. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, ही त्याची रीत, आणि ती त्याने कुठेही सोडलेली नाही. चौथं उदाहरण बरोबर आलं ते वरचे दोन्ही अंक मोठे होते म्हणून. बरं, ही रीत त्याने घरून आणलेली नाही. ‘लहान संख्येतून मोठी संख्या वजा होत नाही’ हे त्याला शाळेनेच पढवलेलं आहे. हातच्याची वजाबाकी येईपर्यंत ते वाक्य निमूट चालतं. हातचा आला की तेच वाक्य घात करतं, आणि ते मागे घ्यायला कोणी येत नाही.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७८मध्ये याच गोष्टीवर एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. त्यांनी वजाबाकीचे बारीक बारीक तुकडे केले, एकेक तुकडा मुद्दाम बिघडवून संगणकाला दिला आणि मुलांच्या वह्यांत दिसणारी चुकीची उत्तरं संगणकाकडून काढून घेतली. ‘बगी’ नावाचा त्यांचा एक खेळ होता. त्यात संगणक विद्यार्थी व्हायचा, ठरलेल्या पद्धतीने चुकायचा आणि त्याचं नेमकं काय बिघडलंय हे शिक्षकाने ओळखायचं. शून्यातून उसना घेताना गडबडणारी मुलं वेगळी, उसना घेऊन शेजारचा दशक कमी करायला विसरणारी वेगळी. फुली मात्र सगळ्यांना एकच.

याच चुकांकडे उलट बाजूनेही पाहता येतं. ५२ – २७ साठी ३५ हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे? प्रवासी बॅगेला अंकांच्या चकत्यांचं कुलूप असतं. दोनच चकत्या आहेत असं धरा. ५२ वरून २७ वर यायचं असेल तर पहिली चकती ३ घरं फिरवावी लागते, दुसरी ५ घरं. तिथे मुलाची रीत चोख आहे. प्रत्येक चकती स्वतंत्र, उसनवारीचा संबंधच नाही. संख्या म्हणजे अशा सुट्या चकत्या नव्हेत, एवढीच गोष्ट त्याला सांगायची राहिली आहे.

अपूर्णांकांच्या बेरजेत तर हे फारच उघड दिसतं. १/२ + १/३ = २/५ असं लिहिणारी मुलं दर वर्षी, दर वर्गात असतात. अर्ध्या भाकरीत आणखी एक तुकडा घातला आणि भाकरी अर्ध्याहून कमी झाली, असा त्याचा अर्थ होतो. पण छेद समान करण्याच्या गडबडीत अर्थाकडे बघायला फुरसत कुणाला असते? अमेरिकेत १९७८च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं अंदाजे उत्तर विचारलं होतं. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ १, म्हणजे बेरीज २ च्या आसपास. २ हा पर्याय निवडणारी मुलं होती २४ टक्के. १९ आणि २१ निवडणारी मिळून निम्म्याहून जास्त. अंशांची बेरीज १९, छेदांची २१.

आणि तरीही अंशात अंश, छेदात छेद ही रीत मुलाने कुठून तरी पाहिलेली असते. कुठून म्हणाल तर शाळेच्याच कारभारातून. पहिल्या चाचणीत २० पैकी १५, दुसरीत १० पैकी ७, मिळून ३० पैकी २२. वर्गशिक्षक गुणपत्रकात हेच लिहितात, आणि ते बरोबरच असतं. कारण तिथे दोन्ही वेळी ‘पूर्ण’ वेगवेगळं होतं आणि दोन्हींचं मिळून एक नवं, मोठं पूर्ण तयार झालं. भाकरीच्या बेरजेत दोन्ही तुकडे एकाच मापाच्या भाकरीचे असतात. हा फरक गणिताच्या तासाला कुणी बोलून दाखवला, तर छेद समान करण्याचा खटाटोप कशासाठी हे मुलांना निम्मं तिथेच कळेल, असं माझं मत आहे.

चुकीच्या रीतींमध्ये सगळ्यांत दांडगी आहे ती त्रैराशिकाची. ‘इतक्याला इतके, तर तितक्याला किती?’ भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमाराला लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकगणित बहुतेक या एका रीतीने व्यापलेलं आहे, अशा अर्थाचं विधान आहे. पण आचार्य तेवढ्यावर थांबत नाहीत. इच्छा वाढली की फल घटतं, तिथे उलटं, म्हणजे व्यस्त त्रैराशिक करावं, हे ते बजावतात, आणि ते कुठे करायचं हेही सांगतात : उदाहरणार्थ, सोन्याचा कस आणि वजन यांच्या हिशोबात. रीत सांगताना तिची हद्दही सांगायची, हा शिरस्ता आठशे वर्षांपूर्वीच्या क्रमिक पुस्तकाने पाळलेला आहे. (जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची ही नोंद. ग्रंथ लिहून झाला की काम संपलं, असं त्या घराण्याला वाटत नव्हतं.)

ही हद्द सुटली की काय होतं, ते पाहा. सू आणि ज्युली गोल मैदानावर सारख्याच वेगाने धावताहेत. सूने आधी सुरुवात केली. तिच्या ९ फेऱ्या झाल्या तेव्हा ज्युलीच्या ३ झाल्या होत्या. ज्युलीच्या १५ फेऱ्या होतील तेव्हा सूच्या किती? अमेरिकेत प्राथमिक शिक्षक होऊ घातलेल्या ३३ विद्यार्थ्यांना हे उदाहरण दिलं होतं. त्यांतल्या ३२ जणांनी ते प्रमाणाने सोडवलं : ३ ला ९, तर १५ ला ४५. क्रेमर, पोस्ट आणि करियर यांनी १९९३मध्ये हे प्रसिद्ध केलं. वेग सारखाच आहे, त्यामुळे सहा फेऱ्यांचं अंतर शेवटपर्यंत सहाच राहणार, उत्तर २१. तिप्पट वगैरे काही नाही. पण तीन संख्या दिल्या आणि चौथी विचारली की हात आपोआप तिरकस गुणाकाराकडे जातो.

बेल्जियममध्ये लुवेन विद्यापीठात डर्क डी बॉक, लीवेन फेरशाफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सवयीचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. त्यांच्या एका उदाहरणात चौरस कुरण आहे. बाजू २०० मीटर असेल तर खत टाकायला ८ तास लागतात, बाजू ६०० मीटर असेल तर किती? बहुतेक मुलं २४ म्हणतात. बाजू तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट होतं, उत्तर ७२. ‘आकृती काढून बघा’ असं सुचवूनही फारसा फरक पडला नाही. आकृती काढायला सांगितली की ती निघते, पण उत्तर त्याआधीच ठरून गेलेलं असतं.

ही चूक आजकालच्या मोबाइलवाल्या पोरांची नाही. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलापुढे दोन फूट बाजूचा चौरस काढतो आणि विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती? मुलगा तत्काळ सांगतो : चार फूट. क्षेत्रफळ होतं १६, हवं होतं ८. मग तो ३ म्हणतो. ९ होतं, तेही जास्तच. अखेर मूळ चौरसाचा कर्ण हीच नव्या चौरसाची बाजू, इथवर सॉक्रेटिस त्याला आणतो. या प्रसंगात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते असं की, सॉक्रेटिस पहिल्या उत्तराला नुसतं ‘चूक’ म्हणत नाही. चार फुटांचा चौरस प्रत्यक्ष काढून दाखवतो आणि त्यात मूळ चौरस चार वेळा बसतो हे मुलाला मोजू देतो.

सरासरी वेगाचं उदाहरण याच कुळातलं. पुण्याहून अहिल्यानगरला १२० किलोमीटर ताशी ४० च्या वेगाने गेलो, परत ६० ने आलो, तर सरासरी वेग? ५० नव्हे. जायला ३ तास, यायला २. पाच तासांत २४० किलोमीटर, म्हणजे ताशी ४८. संथ वेगात आपण जास्त वेळ होतो, म्हणून त्याचं वजन जास्त. ५० हे उत्तर बरोबर येईल, पण वेगळ्या प्रवासाला : दोन तास ४० ने आणि दोन तास ६० ने गाडी चालवली तर. पाचशेची साडी २० टक्क्यांनी महाग करून मग ‘२० टक्के सूट’ची पाटी लावणारा दुकानदार ती ४८० ला देतो; पहिले २० टक्के पाचशेवरचे आणि दुसरे सहाशेवरचे असतात.

शाब्दिक उदाहरणांवर शिकवण्यांमधून एक रामबाण उपाय सांगितला जातो : ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसलं की भागाकार. मला या उपायाचा मनस्वी राग आहे. ‘राधाकडे १२ गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. मीनाकडे किती?’ जास्त दिसलं, बेरीज केली, १७. उत्तर ७. उदाहरण न वाचता सोडवण्याची ही विद्या आहे, आणि तिचं टोक फ्रान्समध्ये दिसलं. ग्रेनोबलच्या गणित-शिक्षण संस्थेने १९८०च्या सुमाराला लहान मुलांना विचारलं : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून कप्तानाचं वय काढून दिलं.

यावर हसू येतं, पण पुढचा भाग हसण्यासारखा नाही. कुर्ट रॉयसर या स्विस संशोधकाने अशाच प्रश्नात १२५ मेंढ्या आणि ५ कुत्री घातली आणि धनगराचं वय विचारलं. मुलं बोलत बोलत सोडवत होती. बेरीज १३०, फार झाले. वजाबाकी १२०, तेही फार. भागाकार २५, हां, हे जमतंय. म्हणजे विचार चालू होता. उत्तर शक्य कोटीतलं आहे की नाही, ही तपासणीसुद्धा त्यांनी केली. फक्त ‘या माहितीतून वय निघेल का?’ हा एक प्रश्न विचारण्याची मुभा शाळेत असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ती मुभा जाते कुठे? सरावसंचाच्या मांडणीत. धड्याचं नाव ‘नफा-तोटा’ असेल तर त्याखालची वीसही उदाहरणं नफा-तोट्याची असणार, हे वाचायच्या आधीच माहीत असतं. कोणती रीत लावायची हा निर्णय पुस्तकाने घेऊन टाकलेला असतो. विद्यार्थ्याकडे उरते ती आकडेमोड. परीक्षेत धड्याचं नाव छापलेलं नसतं. ‘घरी सगळं येत होतं, पेपरात सुचलंच नाही’ ही तक्रार त्यामुळे अगदी खरी असते.

डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७मध्ये साउथ फ्लोरिडा विद्यापीठात याची परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एकेका आकृतीची उदाहरणं ओळीने सोडवली, काहींनी चारही मिसळून. सरावाच्या वेळी ओळीवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा ओळीवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३ वर होते. सराव करताना जे झरझर सुटतं ते आपल्याला येतं, असं वाटण्यातच गोम आहे.

तेव्हा संकीर्ण प्रश्नसंग्रह शेवटासाठी राखून ठेवू नये. मागच्या चार-पाच धड्यांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवून मिसळावीत आणि कधीकधी ती सोडवूच नयेत : नुसती पहिली ओळ मांडावी, ही रीत का ते शब्दांत लिहावं, उत्तर साधारण केवढं येईल ते पेन्सिलीने कडेला टिपावं आणि पुढच्या चिठ्ठीकडे जावं. आकडेमोडीचा सराव वेगळा करता येतो. उत्तरसूचीशी उत्तर जुळलं नाही तर खोडून पुन्हा करण्याआधी एक काम करावं : आलेलं उत्तर ज्याचं बरोबर उत्तर ठरेल असं उदाहरण स्वतः तयार करावं. सूच्या ४५ फेऱ्या केव्हा होतील? दोघींनी एकदम सुरुवात केली आणि सू तिप्पट वेगाने धावली तर. हे उदाहरण मूळच्या शेजारी लिहिलं की ‘सारख्याच वेगाने’ हे शब्द डोळ्यांत भरतात.

विस्तारसूत्रांच्या धड्यावर हा खेळ लावला तर गंमत येते. (अ + ब)² = अ² + ब² हेही त्रैराशिकी वळणाचंच : दुप्पट बेरजेवर वाटली जाते, मग वर्ग का नाही वाटला जाणार? १३ चा वर्ग १६९, आणि १० व ३ यांच्या वर्गांची बेरीज १०९. हरवलेले ६० म्हणजे १० गुणिले ३ चे दोन आयत. चौरस काढला की ते कोपऱ्यांत दिसतात. आता हे चुकीचं सूत्र बरोबर कधी? अ किंवा ब शून्य असेल तर, हे पहिल्या झटक्यात सुचतं. पण आणखी एक जागा आहे. संगणकात माहिती इकडून तिकडे पाठवताना चुका पकडण्यासाठी जे गणित वापरतात, त्यात अंक दोनच, ० आणि १, आणि १ + १ = ० धरतात. तिथे २अब हे पद शून्य होतं आणि लाल फुल्या खाऊन बदनाम झालेलं ते सूत्र तंतोतंत खरं ठरतं. बोर्डाच्या पेपरात मात्र १ + १ = २ धरूनच चालावं.