आस्थापनांचे एकत्रीकरण (भविष्य निर्वाह निधी)

आस्थापनांचे एकत्रीकरण म्हणजे कागदोपत्री स्वतंत्र दिसणाऱ्या, परंतु वस्तुतः एकाच व्यवसायाचे भाग असणाऱ्या दोन किंवा अधिक आस्थापनांना कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या प्रयोजनासाठी एकच आस्थापना मानणे होय. व्यवहारात यास ‘क्लबिंग’ असेही म्हणतात. भविष्य निर्वाह निधी व निवृत्तिवेतन यांचा लाभ कामगारास मिळणार की नाही, हे पुष्कळदा या एका प्रश्नावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी आणि संकीर्ण तरतुदी अधिनियम, १९५२ हा आरंभी पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता. १९६० च्या दुरुस्तीने ही मर्यादा वीसवर आणली गेली. त्याच दुरुस्तीने कलम २-अ घातले गेले. आस्थापनेचे निरनिराळे विभाग किंवा शाखा एका ठिकाणी असोत वा अनेक ठिकाणी, ते सर्व एकाच आस्थापनेचे भाग समजावेत, असे हे कलम सांगते. मर्यादा खाली आली आणि विभागणी करून ती चुकविण्याची वाटही त्याच वेळी बंद करण्यात आली, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे.

नव्या आस्थापनांना प्रारंभीची काही वर्षे सूट देणारी तरतूद १९९७ पर्यंत अस्तित्वात होती. त्यामुळे जुन्या कारखान्याचा विस्तार ‘नवा कारखाना’ म्हणून दाखविण्याचा मोहही होत असे.

एक कल्पित उदाहरण

पाटण तालुक्यातील कोयनानगर येथे पर्यटकांची ये-जा असते. समजा, तेथे एका कुटुंबाचे निवासगृह, खाणावळ आणि प्रवासी वाहनांचा व्यवसाय आहे. निवासगृह वडिलांच्या नावे, त्यात ११ कामगार. खाणावळ थोरल्या मुलाच्या नावे, तेथे ८. वाहने सुनेच्या नावे, तेथे ५. एकालाही अधिनियम लागू होत नाही. मात्र हिशेब एकाच वहीत लिहिला जात असेल, खाणावळीतला मुलगा गर्दीच्या दिवशी निवासगृहात राबत असेल आणि पगार एकाच हातून मिळत असेल, तर ही २४ कामगारांची एकच आस्थापना ठरण्याचा संभव फार आहे. उलट, भावाभावांची खरोखर वाटणी होऊन धंदे, भांडवल व माणसे वेगळी झाली असतील, तर केवळ आडनाव एक आहे म्हणून त्यांना एकत्र जोडता येत नाही. सांगली जिल्ह्यातील विट्यासारख्या यंत्रमागाच्या गावांत कुटुंबातील अनेकांच्या नावे माग असणे ही परिचित गोष्ट आहे. तेथे चूल वेगळी झाली आहे की फक्त पाटी वेगळी लागली आहे, हे तपासूनच ठरवावे लागते.

न्यायालयीन कसोट्या

अधिनियमात याची कोणतीही आकडेबद्ध कसोटी नाही. असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये मालकी, व्यवस्थापन, वित्त, कामगार, स्थान आणि कार्यातील परस्परावलंबन या बाबी विचारात घेतल्या. यांपैकी कोणतीही एक बाब सर्वत्र निर्णायक नाही, असेही सांगितले. हा खटला मुळात औद्योगिक विवाद अधिनियमाखालील होता. चुनखडीची खाण आणि सिमेंटचा कारखाना एकच आस्थापना ठरल्यामुळे कारखान्यातील कामगारांना काम बंद राहिल्याची भरपाई नाकारली गेली. एकत्रीकरण नेहमी कामगाराच्याच पथ्यावर पडते, असे यावरून म्हणता येत नाही.

राजस्थान प्रेम कृष्ण गुड्स ट्रान्सपोर्ट खटल्यात (१९९६) दोन संस्थांचे बहुतेक भागीदार, जागा, व्यवस्थापन व दूरध्वनी क्रमांकही समान आढळले आणि त्या एकच ठरल्या. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा निर्णय मात्र याच्या उलट आहे. धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा अंबरनाथ येथील जुना कारखाना आणि रोहा येथे १९७७ मध्ये सुरू झालेला कारखाना यांचा मालक एकच होता. तरीही उत्पादन, कामगार व कामकाज वेगळे असल्याने १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोह्याचा कारखाना स्वतंत्र मानला. कलबुर्गी येथील एका संस्थेच्या दोन कला महाविद्यालयांबाबत २०२३ मध्ये दिलेल्या निर्णयात मात्र ती एकच आस्थापना ठरली. त्यांची कर्मचारीसंख्या स्वतंत्रपणे वीसहून कमी, तर एकत्र वीसहून अधिक होती.

अन्य देशांतील पद्धत

अमेरिकेत १९७४ च्या निवृत्तिवेतनविषयक कायद्यापासून समान नियंत्रणाखालील कंपन्यांचा गट हा एकच मालक मानला जातो. तेथे कसोटी मुख्यतः मालकीच्या हिश्श्याची आहे. मूळ कंपनीकडे दुसरीचा किमान ८० टक्के हिस्सा असल्यास गट सिद्ध होतो. पती-पत्नीचे हिस्सेही काही परिस्थितींत एकमेकांचे धरले जातात. त्यामुळे आपण अशा गटात आहोत, याची खुद्द मालकालाही जाणीव नसते आणि गट ‘लपलेला’ राहतो. भारतीय पद्धत टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष कामकाजाकडे पाहते. ती अधिक न्याय्य वाटते, पण निकाल आधी सांगता येत नाही, हा तिचा दोष आहे.

परिणाम

एकत्रीकरणाचा वाद उपस्थित झाल्यास भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून चौकशी होते. देणे निश्चित झाल्यास मालकास थकीत वर्गणी, १२ टक्के व्याज आणि नुकसानभरपाई भरावी लागू शकते. कामगाराचा मागील हिस्सा त्याच्या पुढील वेतनातून सहसा कापता येत नाही. तोही मालकाच्याच माथी येतो.

कामगाराच्या बाजूने पाहता खरी हानी वर्षांची असते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ नुसार मासिक निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची पात्र सेवा लागते. सरासरी वेतन १५,००० रुपये धरल्यास दहा वर्षांच्या सेवेवर, वेतन व सेवावर्षे यांच्या गुणाकारास ७० ने भागून, सुमारे २,१४३ रुपये मिळतात. रक्कम लहान असली तरी ती आजन्म मिळते. पंधरा वर्षे राबलेल्या कामगाराची पहिली सहा वर्षे ‘आस्थापना लहान होती’ म्हणून गळली, तर उरलेल्या नऊ वर्षांवर त्याला मासिक निवृत्तिवेतन मिळत नाही, एकरकमी परतावा तेवढा मिळतो.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये वीसची मर्यादा कायम ठेवली आहे. मात्र चौकशी सुरू करण्यास पाच वर्षांची मुदत घातली आहे. त्यामुळे विभागणी उशिरा उघडकीस आल्यास त्यापूर्वीची वर्षे परत मिळविणे कठीण होते. हजेरीपत्रक, वेतनचिठ्ठी आणि कोणत्या पाटीखाली कोणाचे काम केले याची नोंद कामगाराने स्वतःजवळ ठेवणे म्हणूनच उपयुक्त ठरते.