पुण्याचा प्रत्येक पूर धरणातून येत नाही

पुण्यात घरांत पाणी शिरले की दोष धरणाकडे जातो. या समजुतीला इतिहासाचा आधार आहे, हे मान्य करावे लागते: १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पूर्ण न झालेले पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि मुठा नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या; २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक, म्हणजे दर सेकंदाला तितके घनफूट पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी बुडाली. परंतु शहरातल्या प्रत्येक पुराला हेच एक कारण लावणे साफ चूक आहे.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने अरण्येश्वर, सहकारनगर या भागांत हाहाकार उडवला आणि त्या रात्रीच्या पावसाने शहर व परिसरात वीसहून अधिक बळी घेतले. त्या पुराविषयीही ‘धरणाचे पाणी सोडले असणार’ असे ठामपणे सांगितले जाते, तेव्हा नकाशा एकदा तरी उघडून पाहावा असे सुचवणे भाग पडते. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो, दाट वस्तीतून उत्तरेकडे वाहत येतो आणि दांडेकर पुलाच्या पुढे मुठेला मिळतो. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांच्या साखळीतले पाणी त्यात येतच नाही. मुठा दुथडी भरलेली असेल तर ओढ्याच्या मुखाशी पाणी तुंबते, हे खरे. पण अरण्येश्वर त्या मुखापासून बरेच वर, चढावर आहे.

मुठेच्या आणि ओढ्याच्या पुरांचे हवामानही वेगळे असते. मुठेचा पूर बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये येतो, कारण तेव्हा समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे घाटमाथ्यावर दिवसेंदिवस पाऊस पाडतात आणि धरणे भरत जातात. सप्टेंबरअखेरीस मात्र ऊन तापते, हवेत ओलावा भरपूर असतो, दुपारनंतर गडगडाटी ढग उंच वाढतात आणि एखाद्याच डोंगराच्या कुशीत तासा-दोन तासांत प्रचंड पाऊस ओततात. खाली काळा पाषाण, त्यावर मातीचा पातळ थर आणि त्याहीवर काँक्रीट असल्याने पाणी मुरत नाही; उतारावरून ते थोड्याच वेळात ओढ्यात उतरते. धरणातील विसर्गाची पूर्वसूचना दिली जाते, विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवता येतो. ओढ्याला दरवाजा नाही आणि भोंगाही नाही. म्हणून विसर्गाचे आकडे पाहून निर्धास्त झोपणारा ओढ्याकाठचा रहिवासी चुकीच्या दिशेला पाहत असतो. शिवाजीनगरच्या वेधशाळेत नोंदलेला पाऊसही त्याच्या उपयोगाचा नाही, कारण कात्रजच्या डोंगरावर त्याच तासात त्याहून कितीतरी अधिक पाऊस पडलेला असू शकतो.

अशा प्रत्येक पावसाला ‘ढगफुटी’ म्हणण्याची सवयही सोडायला हवी: भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार वीस-तीस चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच ती ढगफुटी होय, आणि ओढा त्याहून कमी पावसातही घातक ठरतो. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा ओढा मेलेला नसतो. त्याचे पात्र अरुंद केले तरी डोंगरावरून येणारे पाणी कमी होत नाही.

अग्निशमन दलाला पावसाळ्यात ज्या उतारांमुळे धावावे लागते, तेच उतार फेब्रुवारीपासून वणव्यांसाठी धाव घ्यायला लावतात. ‘टेकडीवरचे गवत उन्हाने आपोआप पेटते’ हे खरे नाही: वाळके गवत पेटायला अडीचशे अंशांहून अधिक तापमान लागते आणि पुण्याचा पारा चाळिशीच्या आसपास असतो, त्यामुळे ठिणगी जवळजवळ नेहमी माणसाचीच असते. ऊन आणि कोरडा वारा पुढचे काम करतात, शिवाय ज्वाळांची धग चढावरचे गवत आधीच तापवते; उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. बंब तिथवर पोहोचत नाहीत आणि ओल्या फांद्यांनी झोडपणे, जाळरेषा (आग अडवणारा गवतविरहित पट्टा) आखणे हेच उपाय हाती उरतात.

‘गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले येते’ ही समजूत तर पुराशी थेट जोडलेली आहे: जळालेल्या उतारावर माती धरून ठेवणारे आच्छादन उरत नाही, वळवाच्या पहिल्याच सरींनी ती माती ओढ्यात वाहून येते आणि मोऱ्यांखाली साचून पाण्याची वाट अडवते.