गोड द्रवाचा धडा

खोकल्याचे किंवा तापाचे पातळ औषध तुम्ही पुष्कळदा घेतले असेल. त्या चमचाभर औषधात रोगावर गुण देणारे द्रव्य अगदी थोडे असते. बाकीचा भाग म्हणजे ते विरघळवणारा द्रव, गोडी, रंग आणि स्वाद. मग तपासणी कशाची करायची? गुणकारी द्रव्याची, की साऱ्याच घटकांची? या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी जगाला फार मोठी किंमत मोजावी लागली.

ही गोष्ट १९३७ सालची. घशाच्या व इतर जंतुसंसर्गांवर सल्फॅनिलमाइड हे औषध अमेरिकेत गुणकारी ठरले होते. ते गोळ्यांच्या रूपात मिळे. पाण्यात मात्र सहज विरघळत नसे. लहान मुलांसाठी पातळ औषधाची मागणी होऊ लागली. तेव्हा टेनेसी राज्यातील एका कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकॉल या द्रवात विरघळवले. हा द्रव रंगहीन, दाटसर आणि चवीला गोड असतो. त्यात रास्पबेरीचा स्वाद मिसळला. कंपनीने औषधाचे रूप पाहिले, वास पाहिला, चव पाहिली. प्राण्यांना देऊन मात्र पाहिले नाही! कायद्याची तशी सक्तीच नव्हती. थोड्याच आठवड्यांत शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत कितीतरी लहान मुले होती.

दोष कोणाचा? सल्फॅनिलमाइडच्या गोळ्या घेऊन अनेक रोगी बरे झाले होते. म्हणून संशय द्रवावर गेला. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. शिकागो विद्यापीठातील प्रा. गायलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदीर, ससे आणि कुत्रे यांच्यावर प्रयोग केले. काहींना नुसता द्रव दिला, काहींना कंपनीचे औषध आणि काहींना प्रयोगशाळेत नव्याने बनवलेले तसलेच औषध. हे तिसरे कशासाठी, सांगा पाहू? कंपनीच्या औषधात चुकून एखादा विषारी पदार्थ पडला असता, तर नव्या औषधाने प्राण्यांना अपाय झाला नसता. पण विषबाधा तिन्ही प्रकारांत दिसली. मूत्रपिंडे निकामी करणारा तो गोड द्रवच होता.

१९३८ साली अमेरिकेने कायदा केला : नवे औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवलेच पाहिजे. गायलिंग यांच्या प्रयोगशाळेत या कामात फ्रान्सिस ओल्डहॅम नावाची एक विद्यार्थिनी होती. पुढे डॉ. केल्सी म्हणून त्या सरकारी औषध विभागात गेल्या. १९६० साली त्यांच्यासमोर थॅलिडोमाइड या औषधाचा अर्ज आला. पुरावा अपुरा आहे, असे सांगून त्यांनी परवानगी रोखली. अन्य देशांत गरोदर स्त्रियांनी ते औषध घेतल्यामुळे हजारो मुले अपंग जन्मली. अमेरिका बव्हंशी वाचली.

खाद्यपदार्थांतील रंग व गोडी आणणाऱ्या द्रव्यांचीही अशीच परीक्षा होते. प्राण्यांना निरनिराळ्या मात्रा दीर्घकाळ देतात आणि कोणत्या मात्रेपर्यंत अपाय होत नाही ते पाहतात. त्या मात्रेला सामान्यतः १०० ने भागतात. प्राणी आणि माणूस यांच्यातील फरकासाठी १० पट, आणि माणसामाणसांतील फरकासाठी आणखी १० पट सावधगिरी. समजा, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत अपाय दिसला नाही, तर माणसासाठी रोजची मर्यादा ५ मिलिग्रॅम ठरेल.

मग धोका कायमचा टळला का? नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल निघाले आणि १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांचा बळी घेतला. विष तेच! ग्लिसरीन आणि हा द्रव, दोन्ही रंगहीन, दाट व गोड. डोळ्यांना किंवा जिभेला फरक कळत नाही; प्रयोगशाळेत तो सहज कळतो.

द्रव विषारी आहे हे १९३७ सालीच सिद्ध झाले होते. पण पिंपात कोणता द्रव आहे, हे दर वेळी नव्यानेच तपासावे लागते. एका पिंपाची परीक्षा दुसऱ्या पिंपाच्या कामी येत नाही.