साधा कॅमेरा आणि उजेड-अंधाराचा मेळ

डोळ्याला जे दिसते ते कॅमेऱ्याला का दिसत नाही, हा प्रश्न हौशी छायाचित्रकाराला पहिल्याच दिवशी पडतो. आणि ‘महागडा कॅमेरा घ्या’ हे उत्तर त्याला तयारच मिळते. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे.

कार्ल्याचे चैत्यगृह घेऊ. दर्शनी बाजूच्या पिंपळपानाकृती गवाक्षातून उजेड आत येतो, स्तूप मंद उजळतो आणि खांबांमागची चिंचोळी वाट अंधारात राहते. डोळा गवाक्षाकडे वळला की बाहुली आकुंचते, खांबांमागे वळला की विस्तारते. आणि अशा अनेक ओझरत्या दृष्टिक्षेपांतून मन एक सलग चित्र जुळवते. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. त्याला साऱ्यांना एकच माप लावावे लागते. ते गवाक्षाला लावले तर खांब काजळतात. खांबांना लावले तर गवाक्ष म्हणजे नुसता पांढरा डाग!

ही अडचण जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकातील काचपट्ट्या निळ्या प्रकाशाने फार लवकर भारल्या जात. त्यामुळे समुद्र नीट उमटला की आकाश कोरे होई. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन काचा घेऊन काही चित्रे एकाच कागदावर छापली. एका मापाने भागत नसेल तर अनेक मापे घ्यावीत, हे या पद्धतीचे मर्म त्यात आलेच.

आज हेच काम खिशात मावणारा कॅमेरा करू शकतो. कॅमेरा कठड्यावर किंवा पिशवीवर घट्ट टेकवावा. जुन्या वास्तूत तिवईला परवानगी लागण्याचा संभव असतो. फ्लॅश बंद ठेवावा, आयएसओ सर्वांत कमी ठेवावा, रंगाचा समतोल एकाच खुणेवर कायम करावा. बोटाच्या धक्क्याने कॅमेरा हलू नये म्हणून सेल्फ-टायमर लावावा. मग अधिक-उण्याच्या खुणेचे बटण वापरून तीन चित्रे घ्यावीत: उणे दोन, शून्य आणि अधिक दोन. येथील प्रत्येक पायरी म्हणजे प्रकाशाची दुप्पट. म्हणून पहिल्या व तिसऱ्या चित्रांतील प्रकाशात सोळा पटींचे अंतर पडते. पहिल्यात गवाक्ष सापडते, तिसऱ्यात खांबांमागची वाट.

ही तीन चित्रे संगणकावर एकत्र करावयाची. मेर्टेन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांनी २००७ मध्ये मांडलेली रीत यासाठी सोयीची आहे: प्रत्येक ठिकाणी जे चित्र अधिक स्पष्ट, त्याला अधिक वजन द्यावयाचे. ‘एन्फ्यूज’ ही विनामूल्य आज्ञावली हेच करते. मात्र तीन चित्रांच्या दरम्यान कोणी चालत गेले, तर तयार चित्रात त्याची भुतासारखी पुसट सावली राहते. म्हणून ही रीत स्थिर वस्तूंनाच मानवते.

आता कोणी विचारील, तीन क्षणांचे एक चित्र म्हणजे लबाडी नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. ज्या ठिकाणी जे खरोखर होते तेवढेच दाखविले, तर डोळ्याच्याच रीतीचे आपण अनुकरण केले, असे आम्ही मानतो. पण मोह पुढे असतो. सावल्या इतक्या उजळतात की लेण्याचा दगड प्लास्टिकचा भासू लागतो, आकाश जांभळे होते आणि वस्तूंच्या कडांना तेजोवलये फुटतात. अंधार हाही त्या वास्तूचा भाग आहे. तो सगळा धुऊन काढला, तर गवाक्षातून येणाऱ्या उजेडाला काय अर्थ उरला? म्हणून तयार चित्र पाहताना एकच कसोटी लावावी: तेथे उभ्या राहिलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटेल काय?