मूल परत हवे, तर आईबापांनी काय करायचे?

लेखमाला : मूल, घर आणि कायदा (भाग ४)

मूल बाल कल्याण समितीपुढे कसे पोहोचते, ते मागच्या आठवड्यात पाहिले. आज पुढचा प्रश्न. मूल बालगृहात आहे, आईबाप हयात आहेत आणि त्यांना ते परत हवे आहे. त्यासाठी त्यांनी नेमके काय करायचे, हे कोण ठरवते?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सोनईचेच उदाहरण घेऊ. गळीत हंगाम सुरू झाला की मुळा कारखान्याच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. उचल फेडायची असते, म्हणून नवराबायको पहाटेच फडावर जातात. समजा, अशा एका कोपीत सहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला घेऊन दिवसभर एकटीच असते, बाप दारू पिऊन मारतो आणि कुणीतरी १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दोन्ही मुलांना अहिल्यानगरला समितीपुढे हजर करावे लागते. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात.

बाल न्याय कायदा २०१५ नुसार सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हायला हवा. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, हे कायद्याचे तत्त्वच आहे. कलम ३७ प्रमाणे मूल देखरेखीखाली घरी पाठवता येते. कलम ४० प्रमाणे पालकांची योग्यता तपासून मूल त्यांच्या ताब्यात देता येते आणि त्यांना योग्य ते निर्देशही देता येतात.

पालकांच्या सुधारणेची सारी योजना या ‘निर्देशां’त बसवावी लागते. मुलासाठी नमुना ७ मध्ये आरोग्य, शिक्षण, मानसिक गरजा यांचा सविस्तर आराखडा असतो. पालकांसाठी तसा स्वतंत्र नमुना नाही. त्यामुळे ‘दारू सोडा, मुलांकडे लक्ष द्या’ एवढ्यावर आदेश आटोपण्याचा धोका राहतो.

याउलट, अमेरिकेत पालकांनी काय करायचे आणि यंत्रणेने कोणती मदत द्यायची, हे दोन्ही लेखी असते. तिथला १९९७ चा कायदा कडक आहे. मूल २२ पैकी १५ महिने पालनकुटुंबात राहिले, तर पालकांचे हक्क संपवण्याचा अर्ज राज्याला करावा लागतो. मात्र कबूल केलेली मदत यंत्रणेनेच दिली नसेल, तर त्यातून सूट मिळू शकते.

पालकांची कामे आणि यंत्रणेची मदत, दोन्ही आपल्याकडेही लेखी असायला हवे. व्यसनमुक्तीचे उपचार कुठे, कोणत्या वारी, हजेरी कोण नोंदवणार, हे आदेशात हवे. आई फडावर असताना मुले अंगणवाडीत राहतील, शाळेत जातील की गावाकडच्या हंगामी वसतिगृहात, तेही हवे. पैशांची सोयही आहे. निकषांत बसणाऱ्या मुलाला राज्याच्या बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळू शकतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेचे प्रायोजकत्व महिना ४,००० रुपयांचे आहे, ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये. कोविडकाळात, डिसेंबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने संस्थांतून घरी पाठवलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी महिना २,००० रुपये देण्याचा आदेश दिला होता. घरी पाठवलेल्या मुलामागे आधार जायला हवा, हेच त्यामागचे सूत्र.

ऊसतोड कुटुंबाची आणखी एक अडचण आहे. सुनावणीला यायचे म्हणजे फडावर खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. तारखेला आई आली नाही, तर ‘पालक उदासीन’ असा शेरा मारण्याआधी हे विचारात घ्यायलाच हवे. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की कुटुंब बीडकडे परतते. देखरेखीचे काम त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडे सोपवले नाही, तर आदेश कागदावरच राहतो.

मार खाल्लेल्या मुलाला घाईने घरी धाडू नये, हे खरेच. पण अट घालणाऱ्याने ती पाळण्याची वाटही दाखवली पाहिजे. पालकांनी आदेशाची प्रत मागून घ्यावी, न कळलेली अट समजावून मागावी. आईला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तिथे अर्ज पहिल्या सुनावणीआधीच करावा.

(पुढील भागात : घरी परतणे शक्यच नसेल, तर पालनकुटुंबाचा पर्याय)