यंत्राला जात नसते काय?

'माणूस पक्षपात करील. यंत्र कशाला करील? यंत्राला जात नसते,' असे विधान अलीकडे सुशिक्षितांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. नोकरीचे अर्ज चाळणे, कर्ज मंजूर करणे, उपचारासाठी वा शिष्यवृत्तीसाठी माणसे निवडणे ही कामे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवली की वशिला आणि जातीयता आपोआप संपेल, असा विश्वास या विधानामागे आहे. ज्यांचे आडनाव वाचूनच अर्ज बाजूला सारला गेला, त्यांना हा विश्वास हवाहवासा वाटला तर नवल नाही. म्हणूनच तो तपासून घेणे हे आपले काम ठरते.

प्रथम ही बुद्धिमत्ता कशी घडते ते पाहू. जुन्या पद्धतीत संगणकाला नियम माणूस सांगत असे: उत्पन्न अमुक रकमेहून कमी असेल तर अर्ज मंजूर कर. हा नियम कागदावर असे. तो वाचता येई, त्याला आव्हान देता येई. 'मशीन लर्निंग' म्हणजे यंत्रशिक्षणात नियम सांगितला जात नाही. मागील काळातील हजारो, लाखो नोंदी यंत्रापुढे ठेवतात आणि कशाचे भाकीत करायचे तेवढे सांगतात. नोंदींमधील संगती यंत्र शोधून काढते आणि तीच संगती नव्या माणसाला लावते. थोडक्यात, यंत्राचा गुरू म्हणजे समाजाचा भूतकाळ. पण शिकवण्यासाठी कोणत्या नोंदी घ्यायच्या आणि भाकीत कशाचे करायचे, हे दोन निर्णय माणसानेच घेतलेले असतात. अन्याय शिरतो तो बहुधा या दोन दारांतून.

याचे ठसठशीत उदाहरण अमेरिकेतील आहे. झियाद ओबरमायर, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथील रुग्णालये आणि विमा कंपन्या एक संगणकीय प्रणाली वापरीत होत्या. कोणत्या रुग्णाला जास्तीची देखभाल, म्हणजे खास परिचारिका, वेळोवेळी विचारपूस, लवकर भेटीची वेळ द्यावी, हे ती प्रणाली दिलेल्या गुणांवरून ठरे. गुणांत सर्वांत वरच्या तीन टक्क्यांतील रुग्ण आपोआप निवडले जात. प्रणालीला रुग्णाचा वंश मुळीच सांगितलेला नव्हता. कागदोपत्री यापेक्षा निःपक्षपाती यंत्र कोणते असणार?

संशोधकांनी एका मोठ्या रुग्णालयाच्या नोंदी घेतल्या: ६,०७९ कृष्णवर्णीय आणि ४३,५३९ गौरवर्णीय रुग्णांच्या. दोघांना सारखेच गुण मिळालेले असताना कृष्णवर्णीय रुग्ण प्रत्यक्षात अधिक आजारी असल्याचे दिसले. आपोआप निवड होण्याच्या त्या सीमेवर गौरवर्णीय रुग्णाला सरासरी ३.८ जुनाट आजार होते, तर कृष्णवर्णीयाला ४.८. म्हणजे तीच मदत मिळण्यासाठी कृष्णवर्णीयाला जास्त आजारी पडावे लागत होते.

हे घडले कसे? यंत्राला भाकीत करायला सांगितले होते ते आजाराचे नव्हे, पुढील वर्षीच्या खर्चाचे. ज्याच्यावर खर्च अधिक तो अधिक आजारी, असे गृहीत धरले होते. पण खर्च कोणावर होतो? जो दवाखान्यापर्यंत पोचतो, ज्याला कामावरून सुटी मिळते, ज्याचे गाऱ्हाणे डॉक्टर मनावर घेतो, त्याच्यावर. सारखाच आजार असताना कृष्णवर्णीय रुग्णावर वर्षाला सुमारे १,८०० डॉलर कमी खर्च होत होता. पूर्वी उपेक्षा झाली म्हणून खर्च कमी. खर्च कमी म्हणून गरज कमी. गरज कमी म्हणून पुन्हा उपेक्षा. हे चक्र यंत्राने सुरू केले नाही, पण त्याला शास्त्राचा शिक्का मात्र मिळवून दिला. ही तफावत दूर केली तर खास देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा हिशेब संशोधकांनी मांडला.

१९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे पाहतच. आजही तेथील हा अनुभव आपल्याला परका नाही. खर्च म्हणजे आजार, हे तेथील गृहीत. गुण म्हणजे गुणवत्ता, हे येथील. परीक्षेतील गुण मोजता येतात म्हणून तेच गुणवत्तेचे माप मानायचे, आणि त्या गुणांमागे घरात दिवा होता की नाही, शिकवणी होती की नाही, शाळा किती मैलांवर होती, हे विचारायचे नाही. उद्या प्रवेशाचे वा नोकरीचे यंत्र अशाच मापावर शिकवले गेले, तर राखीव जागांवरील जुना आक्षेप गणिताची भाषा बोलू लागेल आणि त्याच्याशी वाद घालणे अधिक कठीण होईल.

'जातीचा रकानाच काढून टाका' हे उत्तर येथे पुरेसे नाही. महाराष्ट्र शासनाने २०२० च्या डिसेंबरमध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण पाटी बदलली तरी वस्ती जिथे होती तिथेच असते. यंत्र पाटी वाचत नाही. ते पिनकोड, शाळा, शिक्षणाचे माध्यम, वडिलांचा व्यवसाय आणि आडनाव एकत्र वाचते. न सांगितलेली जात त्याला अशी कळते.

लेखन करणाऱ्या यंत्रांची कथा वेगळी नाही. ही यंत्रे प्रचंड लिखित मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज करायला शिकतात. जात आणि धर्म यांविषयीच्या रूढ समजुतींची वाक्ये घेऊन २०२३ साली ऑक्सफर्डमधील संशोधकांनी अशा यंत्रांची चाचणी केली. बहुतेक यंत्रांचा कल रूढ समजुतीकडेच दिसला. यात आश्चर्य कसले? शतकानुशतके ज्यांच्याविषयी लिहिले गेले, त्यांच्या हाती लेखणी नव्हती. दलित साहित्याचा जन्म ज्या जाणिवेतून झाला, तिचाच हा पुढचा प्रश्न आहे: यंत्र वाचते ते कोणाचे लिखाण?

मात्र अमेरिकेतील त्या अभ्यासाचा आणखी एक धडा आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. यंत्राला वंश सांगितलेला नव्हता, पण रुग्णालयाच्या दप्तरी त्याची नोंद होती. ती नोंद होती म्हणूनच पक्षपात उघडा पडला. नोंद नसती तर अन्याय चालू राहिला असता आणि कोणालाही तो सिद्ध करता आला नसता. आपल्याकडे १९३१ नंतरच्या जनगणनांत अनुसूचित जाती-जमाती वगळता जातवार गणना झाली नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे जाहीर केले. या नोंदीचा उपयोग यंत्रांच्या तपासणीसाठीही झाला पाहिजे. निर्णय घेताना जात पाहू नये. निर्णयाचा परिणाम तपासताना ती पाहिलीच पाहिजे. या दोन गोष्टींत विरोध नाही.

यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. संशोधकांनी ती प्रणाली बनवणाऱ्या कंपनीबरोबर काम करून भाकिताचे माप बदलून पाहिले, तेव्हा मूळ तफावत ८४ टक्क्यांनी घटली. म्हणजे दोष दुरुस्त होऊ शकतो. तो कोणीतरी शोधावा लागतो. तेव्हा आपल्या जिल्ह्यात, महाविद्यालयात वा कचेरीत 'संगणकाने ठरवले' असे कोणी म्हणाले, तर कार्यकर्त्याने निमूटपणे परत फिरू नये. चार प्रश्न विचारावेत. यंत्राला कोणाच्या नोंदींवर शिकवले? भाकीत नेमके कशाचे केले? कोणत्या समाजातील किती अर्ज नाकारले गेले? आणि या निर्णयाविरुद्ध दाद कोणत्या माणसाकडे मागायची?

यंत्राला जात नसेल. पण त्याच्यापुढे ठेवलेल्या प्रत्येक नोंदीला एक पत्ता असतो, आणि तो पत्ता गावात आहे की गावाबाहेर, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?